लेकीच्या सॉफ्टवेअरसाठी कर्ज काढण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला भारी लॅपटॉप आणि ‘मॅटलॅब’ नावाचं सॉफ्टवेअर हवं होतं. आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. नाही म्हणावं तर पोरीचं नुकसान, हो म्हणावं तर कशाला हो म्हणतोय तेच कळेना. माझी भाची याच कामात आहे. तिला विचारलं, ते आज सांगते.

ती म्हणाली, “मावशी, तुम्ही ब्लाऊज शिवायला पिकोची मशीन घेता का? आधी काम काय ते बघा.” मोटारपंप आपोआप चालू-बंद करणारी छोटी चिप बसवायची असेल, तर बहुतेक वेळा सी किंवा सी प्लस प्लस ही भाषा लागते. भरपूर आकडे तपासायचे असतील, तर पायथन सोयीची.

समजा, गावातल्या १२ विहिरींची पाणीपातळी वर्षभर दर आठवड्याला मोजली. ५२ आठवड्यांच्या ६२४ नोंदी झाल्या. हे एक्सेलमध्येही होतं, पण तिथे एखादा आकडा चुकून बदलला तर पत्ता लागत नाही. पायथनमध्ये हिशोबाची पायरी न् पायरी लिहिलेली असते. दुसरी कोणीही ती वाचून तपासू शकते, पुढच्या वर्षी नवे आकडे घालून तीच पुन्हा चालवता येते. आपण बचतीची वही दर बैठकीत मोठ्याने वाचतो ना, तसंच.

आणि ही भीती खोटी नाही बरं का. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च’, ‘सप्टेंबर’ यांच्या इंग्रजी अक्षरांसारखी होती. एक्सेल त्यांची परस्पर तारीख करून टाकायचं. कितीतरी शोधनिबंधांत ही चूक तशीच छापली गेली. शेवटी २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलावी लागली!

आता मॅटलॅब. सॉफ्टवेअर चांगलंच आहे, कारखान्यांतही वापरतात, पण विकतचं. ‘ऑक्टेव्ह’ फुकट आहे आणि मॅटलॅबमध्ये लिहिलेलं बरंचसं त्यात चालतं. सगळं नाही. मॅटलॅबमधलं ‘सिम्युलिंक’, म्हणजे चौकोन जोडून यंत्राची नक्कल करायची सोय, ऑक्टेव्हमध्ये नाही. त्यासारखं काम ‘सायलॅब’ या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे सायलॅब आणि पायथनवरचे छोटे व्हिडिओ-धडे आहेत. या प्रकल्पाचे बरेच धडे मराठीतही ऐकायला मिळतात.

कोड लिहून चालवायची जागा, म्हणजे आपला ओटाच म्हणा, तीही ‘स्पायडर’, ‘ज्युपिटर’ अशी फुकट मिळते. दुसऱ्या वर्षाच्या कामाला साधा, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. मात्र कोणाच्या पेनड्राइव्हवरून चोरीचं सॉफ्टवेअर घालू नका. त्यातून व्हायरस आला की वर्षभराचा प्रोजेक्ट जायचा.

हे ऐकून ताईंनी मुलीला दोनच प्रश्न विचारायला पाठवलं. कॉलेजकडे मॅटलॅबचं लायसन्स आहे का? नसेल, तर सरांना ऑक्टेव्हवर केलेलं चालेल का? निघालं असं, की कॉलेजचं लायसन्स होतं आणि मुलांना ते स्वतःच्या लॅपटॉपवरही घेता येत होतं. पोरीला कोणी सांगितलंच नव्हतं. कर्ज दिलं आम्ही, फक्त लॅपटॉपपुरतं. पहिला हप्ता परवाच आला.