डीझेल एंजिनाचे आयुष्य आणि शीतक द्रव

डीझेल एंजिन दीर्घायुषी असते, ही समजूत सर्वसाधारण आहे. ज्वलनाचा प्रचंड दाब सोसण्यासाठी त्याचे भाग भक्कम घडविलेले असतात, हे त्याचे कारण होय. परंतु याच दाबामुळे सिलिंडरची भिंत बाहेरील, म्हणजे शीतक द्रवाच्या, बाजूने पोखरली जाऊ शकते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

अमेरिकेत फोर्डच्या पिकअप ट्रकांत १९८३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे ६.९ लिटरचे डीझेल एंजिन बसविले जाऊ लागले. १९८८ मध्ये सिलिंडरचा व्यास १०१.६ वरून १०४.४ मिलिमीटर करून ते ७.३ लिटरचे करण्यात आले. पण त्यायोगे भिंती पातळ झाल्या आणि हा दोष बळावला.

ज्वलनाच्या धक्क्यासरशी दट्ट्या भिंतीवर आदळतो व ती कंप पावते. ती आत सरताच लगतच्या द्रवाचा दाब क्षणमात्र उतरून बाष्पाचे सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात. ती परतताच ते वेगाने मिटतात. या आघातांनी लोखंडाला खड्डे पडतात आणि कालांतराने भिंतीस छिद्र पडून शीतक सिलिंडरात शिरते.

शीतकात नायट्राइट मिसळल्यास लोखंडावर ऑक्साइडचा संरक्षक थर धरतो व तुटला तरी पुन्हा भरून येतो. मात्र नायट्राइट वापराने क्षीण होते. म्हणून त्याचे प्रमाण वेळोवेळी तपासणे अगत्याचे ठरते. तेल बदलण्यात दक्ष असलेला मालकही ही तपासणी टाळील, तर दट्ट्ये व धारवे शाबूत असतानाच एंजिन गमावून बसेल.