भेट मिळालेली आगबोट

कोणी तुम्हाला एक आगबोट भेट दिली तर तुम्ही काय कराल? हसू नका. १८५५ साली जपानपुढे नेमका हाच प्रश्न होता.

त्याआधी दोन वर्षे, जुलै १८५३ मध्ये, अमेरिकेचा कमोडोर पेरी चार युद्धनौका घेऊन उरागाजवळ आला. त्यांतल्या दोन वाफेवर चालणाऱ्या होत्या. वारा समोरून असला तरी त्या पुढे सरकत! दोनशे वर्षे परदेशी जहाजांना दारे बंद ठेवणारे जपानी सरकार हादरले. युरोपीय लोकांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर राहण्याची मुभा होती. साहजिकच मदत मागितली गेली ती डचांकडे.

१८५४ साली फाबियस हा डच नौदल अधिकारी 'सूम्बिंग' ही आगबोट घेऊन नागासाकीला आला. बाजूला चाके असलेल्या बोटी घेऊ नका, मळसूत्री पंख्याच्या घ्या, असे त्याने सुचवले. का बरे? लाटांमुळे बोट एका कुशीवर कलली, की एक चाक खोल बुडते आणि दुसरे हवेत गरगरते. त्यामुळे बोट वाकडी जाऊ लागते. शिवाय तोफेचा गोळा चाकाला लागला, की ती पांगळीच झाली म्हणायची. पंखा मात्र पाण्याखाली सुरक्षित असतो. गंमत अशी, की पुढच्या वर्षी डच राजाने भेट दिली ती ही चाकांची 'सूम्बिंग'च! जपान्यांनी तिचे नाव 'कान्को मारू' ठेवले.

बोट आली, पण ती चालवणार कोण? म्हणून पेल्स रायकेनच्या हाताखाली २२ डच शिक्षक नागासाकीत राहिले आणि नौदल शाळा सुरू झाली. विषय होते नौकानयन, तोफखाना, जहाजबांधणी, वाफेचे यंत्र आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेले गणित. शिक्षक डच भाषेत बोलणार, दुभाषा त्याचे जपानी करणार, मग विद्यार्थी समजून घेणार. मराठी शाळेतून आलेली हुशार मुले कॉलेजात इंग्रजीतून पदार्थविज्ञान ऐकताना कशी गोंधळतात, हे मी दरवर्षी पाहतो. त्या सामुराई तरुणांचे काय झाले असेल! त्यांच्यातल्या कात्सू काइशूला मात्र डच येत होते. विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने ५८ खंडांचा डच-जपानी शब्दकोश भाड्याने आणून हाताने उतरवून काढला होता. तोही दोनदा! एक प्रत स्वतःसाठी, दुसरी विकून भाडे फेडण्यासाठी.

१८५७ साली ३७ डचांची दुसरी तुकडी आली, ती पंख्याच्या नव्या 'कान्रिन मारू'तून. तिच्यात हार्डेस नावाचा अभियंता होता. यंत्र म्हटले की ते बिघडणारच, आणि दुरुस्तीसाठी दर वेळी हॉलंडला कोण जाणार? त्याने नागासाकीत लोखंडकामाचा कारखाना उभारायला घेतला. त्यासाठी लागणाऱ्या विटासुद्धा तिथेच पाडून, भाजून घ्याव्या लागल्या. १८६१ मध्ये कारखाना पुरा झाला. मित्सुबिशीची नागासाकीची प्रसिद्ध जहाजगोदी पुढे त्यातूनच वाढली.

शाळा १८५९ मध्ये बंद झाली. लगेच फेब्रुवारी १८६० मध्ये 'कान्रिन मारू' कात्सूच्या नेतृत्वाखाली पॅसिफिक ओलांडायला निघाली आणि ३७ दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. परक्यांच्या मदतीशिवाय हे साधले, असे बोटीवरच असलेल्या फुकुझावा युकिचीने पुढे अभिमानाने लिहिले. खरी हकीकत थोडी वेगळी होती. वादळांत बहुतेक जपानी खलाशी बोट लागून आडवे झाले, कप्तान कात्सूही आजारी पडला, आणि बोट सांभाळली ती बरोबरच्या ब्रुक या अमेरिकी अधिकाऱ्याने व त्याच्या खलाशांनी. ब्रुकची रोजनिशी सुमारे शंभर वर्षांनी प्रसिद्ध झाली, तेव्हा हे सर्वांना कळले.

मला स्वतःला यात जपान्यांचा कमीपणा वाटत नाही. वर्गातले त्रिकोणमितीचे गणित आणि डोंगराएवढ्या लाटेवर सूर्याची उंची मोजणे यांत फरक राहणारच. परतीच्या वाटेवर थोडेच अमेरिकी सोबत होते. त्या वेळी शिडे, सुकाणू आणि यंत्र मुख्यतः जपान्यांच्याच हाती होते, आणि जूनमध्ये त्यांनी बोट उरागाला परत आणली.