मिसळणाच्या डब्यातील औषध : कुठे उपयोगी, कुठे नाही



आपल्या घरात मिसळणाचा डबा असतोच. हळद, ओवा, मेथी, धने हे पदार्थ चवीला तर आहेतच, पण प्रकृतीलाही उपकारक आहेत. मात्र त्यांचा गुण कुठवर चालतो हे कळले नाही तर नुकसान होते. म्हणून ही चार शब्दांची माहिती.

हळद : हळदीत कुर्कुमीन नावाचे पिवळे द्रव्य असते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. म्हणून फोडणीत घातलेली हळद अंगी जास्त लागते. जखमेवर हळद लावण्याच्या युक्तीचे पेटंट अमेरिकेत 1995 साली दिले गेले होते. हे ज्ञान आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्याचे आहे, असे पुरावे डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने मांडले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. तरीपण ध्यानात ठेवा, हळदीने धनुर्वात टळत नाही. खुरपे, विळा किंवा पत्रा लागला तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करा.

ओवा : ओव्यातील थायमॉलमुळे त्याला तो उग्र वास येतो. पोट फुगले, गुबारा धरला तर चिमूटभर ओवा बरा. पण एका वस्तीवर मी पाहिले, लेकराला जुलाब होत होते आणि आजी दोन दिवस नुसते ओव्याचे पाणी पाजत होती. पोराचे डोळे खोल गेले होते. जुलाबात जीव जातो तो अंगातले पाणी गेल्याने. अशा वेळी आशाताईंकडून क्षारसंजीवनीची पुडी आणा. पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. अंगावरचे दूध बंद करू नका. पोर मलूल झाले, शौचात रक्त दिसले तर घरी थांबू नका.

मेथी : मेथीदाण्यातील चिकट तंतूंमुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. मधुमेह असणाराने ती जरूर खावी, पण मेथी सुरू केली म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

कोथिंबीर आणि लिंबू : यांत क जीवनसत्त्व असते. त्यामुळे ज्वारीच्या भाकरीतले आणि डाळीतले लोह अंगी लागते. हे जीवनसत्त्व शिजवल्याने कमी होते, तेव्हा भांडे चुलीवरून उतरल्यावर कोथिंबीर पेरा व लिंबू पिळा. लेकी-सुनांना याची जास्त गरज आहे.

बुरशीपासून सावध : मिरची मातीवर वाळवू नका, ताडपत्रीवर पसरा आणि दव पडण्याआधी झाका. आपली शेंगाचटणी नामी खरी, पण बुरशी आलेले, काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे निवडून टाका. त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते व ते यकृताला घातक आहे. भाजल्याने किंवा तळल्याने ते पुरते जात नाही. असे दाणे जनावरांनाही घालू नका. हळकुंडांना चकाकी यावी म्हणून काही ठिकाणी शिशाचा पिवळा रंग चोळल्याचे आढळले आहे. शिसे लेकरांच्या मेंदूला बाधते. म्हणून फार भडक पिवळी हळकुंडे घेऊ नका.

परसात लावा : मोरीच्या सांडपाण्यावर कढीलिंब आणि लिंबाचे एकेक झाड सहज जगते. कोथिंबिरीचा वाफा मात्र चांगल्या पाण्यावर करा, कारण ती आपण कच्ची खातो. धने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवून पेरा. साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढणीला येते.

थोडक्यात, डबा रोजच्या जेवणाला आणि दवाखाना आजाराला. दोन्हींची गल्लत करू नका.