बागेतला निळा रंग: पाकिटावरचा आणि खरा

पावसाळा तोंडावर आला की गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये रोपांची खरेदी सुरू होते. केळ, कर्दळ, अळू अशा मोठ्या पानांची गर्द बाग अनेकांना आवडते. तिथे लाल-पिवळा रंग सहज मिळतो, निळा शोधावा लागतो. ज्या गटांना रोपं तयार करून विकायची आहेत, त्यांच्यासाठी आजचं बोलणं.

आधी एक सावधगिरी. निळ्या गुलाबाच्या बियांचं पाकीट कुणी दाखवलं, तर गटाचा पैसा त्यात घालू नका. गुलाबात निळं रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने जनुक बदलून केलेला गुलाब २००९ मध्ये बाजारात आणला, तोही जांभळटच. फुलवाल्याकडचा गर्द निळा गुलाब रंगवलेला असतो.

खरा निळा आपल्या कुंपणावरच आहे, तो म्हणजे गोकर्ण. निळ्या फुलाच्याच वेलीच्या वाळलेल्या शेंगा वेगळ्या ठेवा, कारण पांढरी गोकर्णही असते. बी रात्रभर भिजवून जूनमध्ये पिशवीत लावा. भरपूर ऊन आणि चढायला काठी द्या. ही शेंगवर्गातली वेल, तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात.

दुसरा निळा चित्रक. फिक्या आकाशी रंगाचं हे झुडूप फांदीपासून तयार होतं. एकच रोप, फूल डोळ्यांनी बघून, विकत घ्या आणि त्याच्या फांद्या लावा. फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून बहर सरला की छाटणी करा. चित्रकाच्या रसाने कातडीला त्रास होऊ शकतो. छाटताना हातमोजे घाला.

तिसरी नीलवेल. फुलं मोठी आणि सुंदर, पण वेल फार पसरते. मजबूत मांडव असेल तरच लावा.

आता निळसर पानं. घायपात आणि बिस्मार्क पाम यांच्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो. द्राक्षाच्या मण्यावरचा पांढरट थर आठवा. हात लागला की पुसतो ना? तसंच हे. पानं चोळून धुऊ नका, पाणी बुडाशी घाला आणि रोप उन्हात ठेवा. दोघांनाही पाणी साचलेलं चालत नाही. काळी जमीन असेल तर उंचवटा करून लावा. घायपाताचे काटे टोकदार असतात, मुलांच्या वाटेवर नको. पाम पुढे खूप मोठा होतो, लहान अंगणासाठी विकू नका.

आणि फिकट निळ्या-जांभळ्या फुलांची पाणवेल कितीही देखणी दिसली तरी घरी आणू नका. गोदावरीत ती कशी पसरते, आपण बघतोच.

यंदा गोकर्ण आणि चित्रक, या दोनच रोपांपासून सुरुवात करा. बी आपलं, फांदी आपली, खर्च पिशवी आणि मातीचा. गिऱ्हाइकाला फूल दाखवूनच रोप द्या. पाकिटावरच्या चित्रापेक्षा त्यावर त्याचा विश्वास बसेल.