लघवीची जळजळ थांबवणारी गोळी किडनीच्या तापावर का चालत नाही?

लघवीला जळजळ सुरू झाली की गावाकडे निदान ठरलेलं, ‘उन्हाळी लागली’. मग धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. पाणी कमी पडल्याने होणारी जळजळ याने थांबतेही. पण घडीघडीला लघवीला जावं लागतंय, थेंब थेंब होतेय, ओटीपोटात दुखतंय, तर तो बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो. बायकांना हा त्रास जास्त, कारण त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो. त्यात कापूस वेचायला किंवा ऊसतोडीला गेलेली बाई आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. लघवी तुंबली की जंतूंना वाढायला आयता वेळ मिळतो.

हे जंतू बहुतेक करून ई. कोलाय, म्हणजे आतड्यात राहणारे. त्यांच्यावर डॉक्टर पुष्कळदा नायट्रोफ्युरँटॉइन लिहून देतात. औषध जुनं आहे, १९५३ पासून वापरात.

बरीचशी अँटिबायोटिक रक्तावाटे अंगभर पसरतात. ही गोळी तशी नाही. रक्तात ती नावालाच राहते. किडनी तिला झपाट्याने लघवीत टाकते आणि मूत्राशयात ती भरपूर साठते. तिथे जंतू आपल्याच एन्झाइमने तिचं रूप बदलतो अन् स्वतःच फसतो. तयार झालेला पदार्थ त्याची प्रथिनं, डीएनए अशी एकदम अनेक ठिकाणी मोडतोड करतो. एकाच जागी घाव असता तर जंतूने पळवाट शोधली असती. म्हणूनच दुसऱ्या कित्येक औषधांना दाद न देणारे ई. कोलाय आजही या गोळीने मरतात.

पण थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत किंवा कुशीत दुखणं, उलट्या, असं झालं तर संसर्ग किडनीपर्यंत चढलेला असू शकतो. किडनीच्या आतल्या भागात ही गोळी पुरेशी पोचतच नाही. अशा वेळी घरात उरलेल्या गोळ्या घेत बसलं तर जळजळ कदाचित कमी होईल, पण आतलं दुखणं वाढत जाईल. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पुरुषांनीही ही गोळी परस्पर घेऊ नये. त्यांचा संसर्ग बऱ्याचदा प्रोस्टेटमध्ये असतो आणि तिथेही ती पोचत नाही.

मोठ्या माणसाला साधारणपणे १०० मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी सकाळ-संध्याकाळ ५ ते ७ दिवस देतात. जेवणासोबतच घ्यायची. भरल्या पोटी ती जास्त शोषली जाते, मळमळही कमी होते. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी दिसते, ते पाहून घाबरून गोळी बंद करणारे बरेच. तो औषधाचा रंग आहे. दोन दिवसांत बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे. धाप लागली, कोरडा खोकला सुरू झाला किंवा हातापायाला मुंग्या आल्या तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

किडनी कमजोर असलेल्यांना, नववा महिना लागलेल्या बाईला आणि महिन्याच्या आतल्या बाळाला ही गोळी देत नाहीत. रक्तात जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असेल तर लाल पेशी फुटू शकतात, त्यामुळे घरात कुणाला तसा त्रास असेल तर आधीच सांगावं.

लघवी तपासायला सांगितली असेल तर नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा. सुरुवातीची धार सोडून मधली धार स्वच्छ डबीत घ्यायची आणि ती लगेच लॅबला पोचवायची.