येडशीच्या रस्त्यावरची जुनी आरएस : सुटे भाग कोणते, आधी कोणते

पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस भारतात २००४ मध्ये विक्रीला आली. ही गाडी मराठवाड्याचीच म्हणायला हरकत नाही, कारण तिची जुळणी तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या स्कोडाच्या कारखान्यात होत असे. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती आणि हाताने टाकायचे पाच गिअर असा तिचा संसार होता. युरोपात याच नावाची गाडी १८० अश्वशक्तीची मिळे. नेमका तो ३० अश्वशक्तीचा फरक जुन्या आरएसच्या नव्या मालकाला अस्वस्थ करतो, आणि गाडी घरी आल्याच्या आठवड्यातच तो ‘रिमॅप’ची, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलून ताकद वाढवण्याची, चौकशी सुरू करतो.

धाराशिव तालुक्यातल्या येडशीसारख्या गावी अशी गाडी बाळगायची, तर हा उत्साह थोडा आवरावा लागतो. धुळे-सोलापूर महामार्गाचा येडशी ते छत्रपती संभाजीनगर हा सुमारे १९० किलोमीटरचा टप्पा चौपदरी आहे. रस्ता वेगाला बोलावतो. पण टर्बो इंजिन ओळखणारा मेकॅनिक रस्त्यालगतच्या प्रत्येक गावात भेटत नाही, आणि मे महिन्यात बीडच्या पुढे गाडी तापून बंद पडली तर टोईंगचे बिल एखाद्या चांगल्या सुट्या भागाएवढे येते. म्हणून इथे क्रम उलटा धरावा. आधी गाडी थांबली पाहिजे, मग ती तापता कामा नये. पळवण्याचा विचार त्यानंतर.

थांबण्याची सुरुवात टायरपासून होते. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. जुन्या हौशी गाड्या वर्षानुवर्षे शेडमध्ये उभ्या असतात. त्यांच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक होऊन चिरलेले असते. असे टायर महामार्गावर नेऊच नयेत. त्यानंतर ब्रेक ऑईल. ते हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. डॉट-४ दर्जाच्या कोऱ्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. बालाघाटच्या उतारावर सतत ब्रेक दाबला की जुने ऑईल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. दर दोन वर्षांनी ऑईल बदलायला फारसा खर्च येत नाही, तरीही सर्वांत जास्त टाळले जाणारे काम हेच. पॅड आणि डिस्क मूळ मापाचे व चांगल्या कंपनीचे असले की पुरते. छिद्रे पाडलेल्या डिस्क अलॉय चाकांमधून छान दिसतात. रोजच्या रस्त्यावर त्यांचा उपयोग मुख्यतः तेवढाच.

दुसरा टप्पा तापमानाचा आणि टाईमिंग बेल्टचा. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उघडावे लागते. आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे. बेल्ट रबराचा असल्याने किलोमीटर कमी असले तरी तो वयाने थकतो. बेल्ट एकटा बदलू नये. टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलावेत, कारण पंपही त्याच बेल्टवर फिरतो आणि मजुरी एकदाच पडते. मूळ पंपांपैकी अनेकांचा आतला पंखा प्लास्टिकचा असे. तो झिजला किंवा दांड्यावर सैल झाला की पंप बाहेरून शाबूत दिसतो, पण पाणी फिरत नाही. धातूच्या पंख्याचा पंप ही या गाडीतली खरीखुरी पहिली सुधारणा. कूलंटही कंपनीने सांगितलेल्या जातीचेच हवे. गुलाबी जी-१२ मध्ये बाजारातले हिरवे किंवा निळे ओतले की गाळ धरतो आणि हीटरच्या बारीक नळ्या आधी तुंबतात. साधे बोअरचे पाणी टाकण्याची सवय तर मराठवाड्यात सर्रास दिसते. त्यातल्या क्षारांनी रेडिएटर आतून भरत जातो.

टर्बोला इंजिनाचेच ऑईल मिळते. म्हणून व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) ५०२.०० प्रमाणाचे सिंथेटिक ऑईल आणि दर्जेदार फिल्टर यांवर काटकसर करू नये. ऑईल जळून गाळ झाला की सम्पमधली, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑईल-टाकीतली, जाळी बुजते, दाब पडतो आणि पहिला बळी टर्बोच्या बेअरिंगचा जातो. इतिहास माहीत नसलेल्या गाडीचा सम्प एकदा उतरवून ती जाळी पाहणे, हा टर्बो विकत घेण्यापेक्षा फार स्वस्त सौदा आहे.

‘गाडीला दम नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा वय झालेल्या रबराची असते. टर्बोने दाबलेली हवा चिरलेल्या होजमधून निसटते. डायव्हर्टर व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटतो. इग्निशन कॉईल तर या इंजिनाची जगजाहीर दुखरी नस आहे. एक कॉईल गेली की गाडी झटके देते आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते. हवेच्या मार्गाची गळती तपासून होज, व्हॉल्व्ह, चार कॉईल आणि चार प्लग बदलले, की हरवलेली ताकद बरीचशी परत येते, आणि मालकाला नवीन चिप बसवल्याचा भास होतो.

इंधनाच्या नळ्यांचा प्रश्न अलीकडचा आहे. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. धाराशिव-सोलापूरच्या साखर कारखान्यांना ही चांगली बातमी. २००४ च्या रबराला नाही. इथेनॉलने जुनी रबरी नळी फुगते किंवा ठिसूळ होते, आणि ते पाणीही धरून ठेवते. इथेनॉल सोसणाऱ्या फ्लुरोइलास्टोमर अस्तराच्या नळ्या बसवाव्यात, फिल्टर वेळेआधी बदलावा आणि टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीची इंधनक्षमता २० टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्के घटेल असा अंदाज आहे.

भाग मागवताना नुसते गाडीचे नाव सांगून भागत नाही. हाच सांगाडा चौथ्या पिढीच्या गोल्फचा आणि पहिल्या ऑडी ए-३ चा. त्यामुळे ‘१जे’ क्रमांकाने सुरू होणारे गोल्फचे कित्येक भाग ‘१यू’च्या ऑक्टेव्हियाला चालतात, आणि जगभर ते अजून बनतात. मात्र याच सांगाड्यावरच्या गाड्यांत पुढची डिस्क २५६, २८०, २८८ किंवा ३१२ मिलिमीटरची असू शकते. इंजिनातही सापळा आहे. १.८ टर्बो पसाट आणि ऑडी ए-४ मध्येही आहे, पण तिथे ते उभे बसवलेले, ऑक्टेव्हियात आडवे. आडव्याचे अनेक भाग ‘०६ए’ने सुरू होतात, उभ्याचे ‘०६बी’ने. दुकानदार ‘एकच इंजिन आहे साहेब’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, तरी सम्प बसत नाही. सतरा अक्षरांचा चासी नंबर, डिकीतल्या किंवा सर्व्हिस बुकातल्या स्टिकरवरचे कोड आणि जुन्या भागावर कोरलेला क्रमांक, या तिन्हींचा फोटो पाठवूनच मागणी द्यावी. क्रमांकाच्या शेवटचे अक्षर बहुधा सुधारित आवृत्ती दाखवते. नव्या अक्षराचा भाग जुन्याच्या जागी चालतो का, हे कॅटलॉगमध्ये पाहून घ्यावे.

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या भागांसाठी प्रसिद्ध आहे, तर ऑपेरा हाऊस भागात नव्या स्पेअर पार्टची जुनी बाजारपेठ आहे. काच, दरवाजे, दिवे, सीट, आतले प्लास्टिक हे सगळे जुने घ्यायला हरकत नाही. नवे मिळणेच कठीण झाले आहे. ब्रेक, बेल्ट, रबर आणि स्टिअरिंगचे सांधे मात्र कधीही जुने घेऊ नयेत.

सस्पेन्शनमध्ये लोअर आर्मचे बुश, बॉल जॉईंट, लिंक रॉड आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र बदलून लगेच अलाइनमेंट करावी. स्प्रिंग कापून गाडी खाली आणण्याची हौस गावातल्या पहिल्याच गतिरोधकावर फिटते. शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टरही टाळावा. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि तेल लावलेला असेल तर त्या तेलाने हवा मोजणारा सेन्सर खराब होऊ शकतो. इथल्या धुळीत कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदललेला बरा.

हे सारे झाल्यावर रिमॅप. मूळ टर्बोवर १८० अश्वशक्तीच्या आसपास जाता येते, पण जुना क्लच ते पेलेलच असे नाही. कायद्याची बाजूही पाहावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा स्पष्ट केली. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर वेळी पाच वर्षांसाठीच वाढते आणि त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. तिथे गळके शॉकअब्सॉर्बर, वाकडे खेचणारा ब्रेक किंवा धूर दिसला, तर १८० अश्वशक्तीची गाडीही नापासच होते.