पडद्यावरची चतुःसीमा

जमिनीच्या जुन्या खरेदीखतात गट नंबर, क्षेत्र आणि आकार यांचा तपशील देऊन झाला, म्हणजे त्याखाली ‘चतुःसीमा’ या शब्दाने आरंभ होणारा मजकूर हमखास येतो. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गायरान, उत्तरेस गाडीवाट अशी चारही दिशांची नोंद त्यात असते, आणि ती नसेल तर दस्तऐवजात वर्णिलेली जमीन प्रत्यक्षात कोणती, हे बांधावर उभे राहून सांगणे कठीण होते. मोबाइलच्या पडद्यावर जी बटणे, जे कागदासारखे दिसणारे तुकडे आणि ज्या छायाचित्रांच्या चौकटी आपण दिवसभर बोटाने दाबतो, त्यांच्याकडे पाहताना मला या खरेदीखताची आठवण होते. काच एकसंध असते. २००७ साली विक्रीस आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा ३२० गुणिले ४८०, म्हणजे १,५३,६०० पिक्सेलांचा होता, आणि त्यांतला कोणता पिक्सेल बटणाचा व कोणता मोकळ्या जागेचा, हा भेद त्या काचेला ठाऊक नव्हता. तो भेद उत्पन्न करतात त्या तीन गोष्टी: मागच्या पार्श्वभूमीचा रंग, कडेची रेघ आणि आत बसविलेली प्रतिमा. या तिन्हींची गणना शोभेच्या सामानात करण्याचा रिवाज आपल्याकडे पडला आहे, आणि तो मला अयोग्य वाटतो. ही त्या तुकड्याची चतुःसीमा आहे, आणि ती आखणाऱ्याच्या अंगी मोजणीदाराची सावधगिरी असावयास हवी.

आयफोनचेच उदाहरण घेऊ, कारण तेथील व्यवस्था विशेष रेखीव आहे. पडद्यावरील प्रत्येक तुकड्याला तेथे ‘व्ह्यू’ म्हणतात. व्ह्यू म्हणजे एक आयत, ज्याच्या पोटात आणखी आयत असू शकतात आणि त्यांच्याही पोटात आणखी. परंतु व्ह्यू स्वतः रंगकाम करीत नाही. बोटाचा स्पर्श ऐकणे, तो योग्य ठिकाणी पोचविणे, पोटातल्या आयतांची मांडणी पाहणे, हे कारभाऱ्याचे काम त्याच्याकडे असते. आणि प्रत्यक्ष दिसण्याची सारी जबाबदारी त्याच्या मागे उभ्या असलेल्या ‘लेयर’कडे, म्हणजे थराकडे, सोपविलेली असते. थरांची ही यंत्रणा, जिला कोअर ॲनिमेशन असे नाव आहे, ॲपलने मॅक संगणकांवर ऑक्टोबर २००७ मध्ये जाहीरपणे आणली. मॅकवर ती ऐच्छिक होती, आयफोनवर मात्र प्रत्येक व्ह्यूमागे थर असलाच पाहिजे असा पहिल्यापासून दंडक आहे.

थर रंगविला जातो तो ठराविक क्रमाने, आणि हा क्रम ज्याने एकदा मनात पक्का केला, त्याची निम्मी अडचण दूर झाली असे समजावे. सर्वांत खाली पार्श्वभूमीचा रंग. त्यावर थराची स्वतःची प्रतिमा. तिच्यावर पोटातले थर. आणि या सर्वांवर, अगदी शेवटी, कडेची रेघ. नवशिक्या प्रोग्रामर पार्श्वभूमीला रंग देतो, वर छायाचित्र ठेवतो, आणि रंग का दिसत नाही म्हणून तासभर शोध करीत बसतो; छायाचित्र अपारदर्शक असल्यामुळे रंग त्याच्याखाली गाडला गेला आहे, एवढेच त्याचे उत्तर असते. उलट प्रतिमेचा काही भाग पारदर्शक ठेवला, तर तोच खालचा रंग तिच्यातून झिरपून वर येतो, आणि एकाच चित्राला दहा निरनिराळ्या पार्श्वभूमी देऊन दहा निरनिराळी रूपे देता येतात.

आता कडेच्या रेघेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण गावाकडचा माणूस हा प्रश्न शहरी माणसापेक्षा लवकर ओळखील. दोन शेतांमधला बांध कोणाच्या जमिनीत धरायचा, यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले आहेत. पडद्यावरही तोच प्रश्न आहे: रेघ आयताच्या हद्दीच्या आत पडते, बाहेर पडते, की हद्दीवर अर्धी-अर्धी विभागली जाते? आयफोनच्या थराने याचा निकाल निःसंदिग्ध दिला आहे; रेघ संपूर्णपणे आतच पडते. शंभर पॉइंट रुंदीच्या चौकोनाला दहा पॉइंटांची कड दिली, तर चौकोन एकशेवीसचा होत नाही. तो शंभरचाच राहतो आणि आतली उघडी जागा ऐंशी पॉइंटांची उरते. शिवाय आतली प्रतिमा त्यामुळे आक्रसत नाही. ती होती तेवढीच राहते, आणि तिच्या चारही बाजूंचा दहा-दहा पॉइंटांचा भाग रेघेखाली झाकला जातो. चेहऱ्याचे छायाचित्र असेल तर हनुवटी जाते. मात्र थराची तयार कड न घेता कोणी स्वतःच मार्ग आखून त्यावरून रेघ ओढू लागला, तर नियम बदलतो: तेथे रेघ मार्गाच्या दोन्ही अंगांना सारखी पसरते, आणि तो मार्ग नेमका हद्दीवरून जात असेल तर बाहेरची अर्धी रेघ छाटली जाऊन चार पॉइंटांची म्हणून मागितलेली कड दोनच पॉइंटांची दिसते. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती आपण कोणत्या रीतीच्या अंमलाखाली काम करीत आहोत, हे न विचारल्यामुळे.

रेघेच्या जाडीची गोष्टही अशीच. पॉइंट हे आखणीचे माप आहे आणि पिक्सेल हे काचेचे. पहिल्या आयफोनवर दोन्ही एकच होती. २०१० च्या आयफोन ४ वर एका पॉइंटाच्या लांबीत दोन पिक्सेल आले, २०१७ च्या आयफोन टेनवर तीन. म्हणून केसासारखी बारीक रेघ हवी असेल, तर एक पॉइंट न सांगता एका पॉइंटाला त्या काचेच्या प्रमाणाने भागून येणारी जाडी सांगावी लागते.

कोपरे गोल करण्याची हौस मात्र आयफोनहून पुष्कळ जुनी आहे. १९८१ साली मॅकिंटॉश संगणक घडत असताना बिल ॲटकिन्सन यांनी वर्तुळे आणि लंबवर्तुळे अत्यंत वेगाने काढण्याची युक्ती शोधून ती सहकाऱ्यांना दाखविली. स्टीव्ह जॉब्स यांनी तेव्हा गोल कोपऱ्यांच्या आयताची मागणी केली, आणि त्याची गरज नाही असे ॲटकिन्सन म्हणू लागताच त्यांना बाहेर नेऊन रस्त्यावरच्या वाहने उभी न करण्याच्या पाटीपर्यंत गोल कोपऱ्यांच्या वस्तू एकामागून एक दाखविल्या. दुसऱ्याच दिवशी ॲटकिन्सन तशी आकृती सिद्ध करून घेऊन आले. हा प्रसंग त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी लिहून ठेवला आहे.

आज थराला कोपऱ्याची त्रिज्या सांगितली की कोपरा गोल होतो. पण काय गोल होते, हे नीट पाहिले पाहिजे. त्रिज्येचा परिणाम पार्श्वभूमीवर आणि कडेवर होतो. आतली प्रतिमा चौकोनीच राहते आणि तिचे चार टोकदार कोपरे गोल कडेच्या बाहेर डोकावतात. ते छाटण्यासाठी ‘हद्दीबाहेरचे सर्व कापावे’ असा स्वतंत्र हुकूम थराला द्यावा लागतो. तो दिला की दुसरीच आपत्ती ओढवते: थराला सावली दिलेली असेल तर ती नाहीशी होते, कारण सावलीचे वास्तव्यच मुळी हद्दीबाहेर असते आणि हुकमाने तिलाही वगळलेले नसते. यावर अनुभवी कारागिरांनी काढलेली तजवीज मला फार आवडते. ते एका ऐवजी दोन व्ह्यू घेतात. बाहेरचा व्ह्यू सावली धरतो आणि काहीही कापीत नाही, आतला प्रतिमा धरतो आणि कापतो. एकाच माणसाकडे परस्परविरोधी दोन कामे न देण्याचा जो शहाणपणा जुन्या दफ्तरांत होता, तोच येथे आहे.

कोपऱ्यांबद्दल आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. सरळ बाजूला वर्तुळाचा पाव भाग जोडून कोपरा केला, तर जोडाच्या जागी वक्रता शून्यावरून एकदम ठराविक मूल्यावर उडी घेते, आणि डोळ्याला कारण न कळताही तो जोड जाणवतो. वक्रता क्रमाने वाढत जाऊन क्रमानेच ओसरेल असा सलग कोपरा २०१९ पासून आयफोनच्या प्रोग्रामरांना एका शब्दात मागता येतो.

प्रतिमेकडे वळू. चौकट एका प्रमाणाची आणि छायाचित्र दुसऱ्या प्रमाणाचे, हा नित्याचा प्रसंग असतो, आणि त्यातून सुटण्याचे मुख्य मार्ग तीन: ताणून बसविणे, ज्यात चेहरे चपटे होतात, संपूर्ण मावेल एवढे लहान करणे, ज्यात दोन बाजूंना पार्श्वभूमीच्या पट्ट्या उघड्या पडतात, किंवा चौकट भरेल एवढे मोठे करणे, ज्यात कडांचा भाग हद्दीबाहेर जातो आणि पुन्हा कापण्याचा हुकूम द्यावा लागतो. पहिला मार्ग माणसांच्या छायाचित्रांना कधीही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक हिशेब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ४००० गुणिले ३००० पिक्सेलांचे छायाचित्र फाइल म्हणून तीन-चार मेगाबाइटांचे असेल. पण रंगविण्यासाठी ते उलगडले की दर पिक्सेलास साधारणतः चार बाइट या दराने त्याला चार कोटी ऐंशी लाख बाइट स्मृती लागते, मग ते पडद्यावर टपाल तिकिटाएवढे का दाखवायचे असेना. यादीत असे वीस चेहरे ठेवणाऱ्याचे ॲप स्वस्त फोनवर मध्येच बंद पडले, तर दोष फोनचा नसतो. छायाचित्र आधी लहान करून घ्यावयास हवे होते.

ताणलेच पाहिजे असे काही असेल, तर ते सुताराच्या रीतीने ताणावे. तसबिरीची चौकट मोठी करताना सुतार कोपऱ्यांची नक्षी ओढून लांब करीत नाही. चार कोपरे तसेच ठेवून तो फक्त मधल्या पट्ट्या लांब घेतो. अँड्रॉइडवरील ‘नाइन पॅच’ प्रतिमा याच तत्त्वाने चालते: चित्राचे नऊ भाग कल्पून चार कोपरे अचल, चार बाजू एकाच दिशेने वाढणाऱ्या, आणि मधला भाग दोन्ही दिशांनी. कोणता भाग वाढावा हे चित्राभोवतीच्या एका पिक्सेलाच्या हाशियात काळ्या रेघांनी लिहिलेले असते. वरची आणि डावी रेघ ताणण्याची जागा सांगते, उजवी आणि खालची मजकुराची. आयफोनवरही कडांची मापे सांगून हेच साधता येते. अँड्रॉइडची एरवीची पद्धत लिखित आहे. भरणीचा रंग, कड, कोपरे, आणि एकावर एक ठेवायचे थर यांची यादी एका छोट्या फाइलीत लिहितात, आणि यादीत जो नंतर येतो तो वर बसतो.

थर वाढवीत जाण्याला किंमत मोजावी लागते. पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचा, तर एका वेळेस सुमारे सोळा मिलिसेकंदच हाती असतात, आणि तेवढ्यात एकच पिक्सेल चार-पाच वेळा रंगवावा लागला तर यादी सरकताना अडखळू लागते. अँड्रॉइड फोनच्या विकसकांसाठीच्या सेटिंगमध्ये ही जादा रंगाई दाखविण्याची सोय आहे. एकदा जादा रंगविलेली जागा निळी, दोनदा हिरवी, तीनदा गुलाबी, आणि चार किंवा अधिक वेळा असेल तर लाल दिसते.

२०१९ साली आयफोनवर काळोखी रूप आले, तेव्हा एका जुन्या भेदाने पुष्कळांना फसविले. व्ह्यूच्या पार्श्वभूमीला जो रंग देतात तो शिरस्त्यासारखा असू शकतो: उजेडात पांढरा, काळोखात काळा, आणि परिस्थिती बदलली की आपोआप बदलणारा. थराच्या कडेला जो रंग लागतो तो मात्र त्या शिरस्त्याची, दिल्या दिवशी काढलेली, नक्कल असते. मूळ शिरस्ता पुढे काहीही सांगो, नकलेतील अक्षर बदलत नाही. परिणाम असा, की रात्री सारा पडदा काळा होतो आणि दिवसाच्या पांढऱ्यावर शोभणारी गडद कड त्या काळोखात बुडून जाते. रूप बदलल्याची वर्दी मिळताच नवी नक्कल काढून कडेला द्यावी लागते, आणि हे काम प्रोग्रामरने स्वतः करायचे असते.

आणि कड बुडाली म्हणजे केवळ शोभा बुडाली असे होत नाही. २०१३ साली आयफोनने सपाट रूप स्वीकारून बटणांच्या पार्श्वभूमी आणि कडा काढून टाकल्या, तेव्हा नुसत्या रंगीत अक्षरांना बटण कसे म्हणावे, हे असंख्य लोकांना कळेना. पुढच्याच वर्षी बटणांचे आकार पुन्हा दाखविण्याची ऐच्छिक सोय सेटिंगमध्ये द्यावी लागली. माझ्या एका वृद्ध आप्तांना मी एका ॲपमध्ये पैसे पाठविण्याच्या पानावर दहा मिनिटे अडकलेले पाहिले आहे. फिकट राखाडी पार्श्वभूमीवर त्याहून किंचित फिकट असे बटण होते, आणि ते त्यांना दिसतच नव्हते. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय संकेतांनी २०१८ साली असे सांगून ठेवले आहे, की नियंत्रण ओळखण्यास आवश्यक असलेली कड आणि तिच्या शेजारचा रंग यांच्या तेजस्वितेत किमान ३:१ एवढे अंतर असावे; नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी ते ४.५:१ आहे. हे मोजावयास क्षणभर लागतो.

मराठी वाचकाच्या वाट्याला याखेरीज एक स्वतंत्र पीडा येते. चौकटीची उंची पुष्कळदा इंग्रजी अक्षरांवरून ठरविलेली असते आणि हद्दीबाहेरचे कापण्याचा हुकूम वर असतोच. मग ‘कीर्ती’मधील रफार आणि वेलांटी शिरोरेघेवर छाटली जातात, ‘वृद्धी’मधील खालचा ऋकार अर्धा जातो, आणि ‘बँक’वरची चंद्रकोर व अनुस्वार हरवून तिचा बक होतो. अक्षराला शिरोरेघेच्या वर आणि पायाखाली जागा लागते, आणि ती चौकटीने दिली पाहिजे.

पुण्यात, मुंबईत, किंवा साता समुद्रापलीकडे बसून मराठी माणसांसाठी ॲप घडविणाऱ्या तरुणांना म्हणून माझी विनंती आहे: ॲप बाहेर सोडण्यापूर्वी चौकटीत ‘कीर्ती’ आणि ‘वृद्धी’ लिहून पाहा, अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करा, काळोखी रूप लावा, आणि तो फोन आपल्या घरातल्या सत्तरीच्या माणसाच्या हाती देऊन, काहीही न सांगता, त्यांना बटण शोधू द्या.